औषध घातलेली पिल्लं

भुकूमच्या सगुणाबाईंशी एकदा वैर धरलं की माणूस गाव सोडून गेलं तरी ते सुटत नसे. त्यांचा राग भडकायचा नाही, लोणच्यासारखा मुरायचा. धाकट्या नणंदेनं कधीकाळी बारशाच्या घुगऱ्यांना ‘कच्च्या’ म्हटलं होतं. तेव्हापासून त्या नणंदेच्या पानात त्यांनी घुगऱ्या वाढल्या नाहीत, आणि का वाढल्या नाहीत ते दर वेळी पंगतीला ऐकवलंही. पिरंगुटच्या बाजारात एका कांदेवाल्यानं वर चांगले आणि खाली सडके घातले, तर पुढं कित्येक बाजार त्या त्याच्या पालासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. घ्यायचं काही नाही. येणाऱ्या बाईला एवढंच सांगायचं, “खालून घ्या बाई, खालून.” शेवटी त्या बापड्यानं जागा बदलली.

बाकी बाई देवभोळ्या. सकाळी खंडोबाच्या टाकाला आंघोळ घालायची, भंडारा वाहायचा आणि मग हळू आवाजात त्याला एकेकाचं नाव घेऊन गाऱ्हाणं सांगायचं. आपण देवापुढं उभं राहिलो की सुख मागतो. सगुणाबाई आठवण करून द्यायच्या. “त्या कांदेवाल्याला विसरू नगंस बरं का देवा. तू दयाळू हाईस, तुला इसरायची खोड हाय.”

रस्त्याकडची जमीन विकून झाली होती. तिथं आता बंगले उभे होते. मागच्या जागेत चार खोल्या काढून त्या कंपनीतल्या लोकांना भाड्यानं दिलेल्या. नवरा कुशाबा, गप्प माणूस. कुणाचा नळ गळतो, कुणाचा दिवा गेला, एवढं बघायचा आणि बायकोच्या वैरात पडायचा नाही. घराची खरी राखण वाघीकडं होती. वाघी म्हणजे विटकरी रंगाची गावठी कुत्री. खंडोबाचं जनावर म्हणून सगुणाबाई तिला कधी पायानं हटकायच्या नाहीत, आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा पहिला घास तिचा असायचा. देवाशी बोलून उरलेलं त्या वाघीशी बोलायच्या.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला वाघी व्याली. चार पिल्लं झाली. तीन आईसारखी विटकरी, आणि एक काळी, सगळ्यांत बारकी मादी. जुन्या गोठ्यात पेंडीच्या गोणीवर त्यांचा संसार मांडला होता. गोणीवर पोपटाचं चित्र होतं, आणि पिल्लं त्या पोपटावर चढून एकमेकांचे कान चावायची.

कुंपणापलीकडच्या बंगल्यात कौस्तुभ आणि मृण्मयी हे जोडपं राहायला आलेलं होतं. कौस्तुभ नाशिक शहरात वाढलेला. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करायचा आणि कानात काहीतरी खुपसून अंगणात एकटाच बोलत फिरायचा. त्यांच्याकडं टॉफी नावाची सोनेरी लॅब्राडोर कुत्री होती, घरात गादीवर झोपणारी. एक दिवस कौस्तुभनं कुंपणावरून डोकावून पिल्लं बघितली. हसला, आणि म्हणाला,

“काकू, पिल्लांना औषध घातलंत का?”

सगुणाबाईंच्या हातातला झाडू तिथंच थांबला. “काय?”

“औषध हो. अजून घातलं नसेल तर सांगा. माझ्याकडं आहे थोडं उरलेलं. मीच घालतो येऊन.”

आता तो बोलला ते जंताच्या औषधाबद्दल. टॉफीचं आणलेलं, बाटलीत उरलेलं. पण मुळशीच्या खेड्यांत औषध म्हणजे काय? भातावर मारतात ते औषध, उंदराला घालतात ते औषध, आणि जिवाला कंटाळलेलं माणूस पितं तेही औषधच. दवाखान्यातून आणतात तो डोस, नाहीतर गोळ्या. कुत्र्याला औषध घातलं, म्हणजे मारलं. त्याला दुसरा अर्थच नाही. आणि हा माणूस हसत हसत विचारत होता, मीच घालतो येऊन.

“माज्या दारात पाय ठिवून तर बघ,” असं त्या म्हणाल्या नाहीत. राग आला की त्या बोलत नसत. त्या नुसत्या आत गेल्या.

आठवडा गेला नसेल, थोरलं पिल्लू दूध पिईना. मग पिवळं ओकलं. दुपारी त्याला हगवण लागली, आणि ती रक्ताची होती. असा वास सुटला की मागच्या खोल्यांतले भाडेकरू दारं लावून बसले. एकापाठोपाठ एक, तिन्ही विटकरी पिल्लं त्या पोपटाच्या गोणीवरच गेली. वाघी त्यांना चाटत राहिली, तीही दोन दिवस खाईना. काळी तेवढी बारकी म्हणून सगुणाबाईंनी आधीच चुलीजवळ, आपल्या जुन्या लुगड्यात ठेवलेली होती. ती वाचली.

“जनावराच्या डॉक्टरला बोलवू का?” कुशाबा म्हणाले.

“कशाला? मेल्यावर सुई टोचाया? औषध घातलंय, दिसत न्हाई का तुमाला? रगात पडलं.”

“कुनी घातलं?”

“ज्यानं इचारून घातलं त्यानं.”

पण सगुणाबाईंना न्यायाची चाड होती. पुराव्याशिवाय सूड घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. पितळेच्या ताटलीत भंडारा घेतला, वर बेलाचं पान ठेवलं आणि सरळ कौस्तुभच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बेल-भंडारा उचलायला लावायचा. निर्दोष माणूस उचलतो आणि कपाळाला लावतो. खोट्या माणसाचा हात पुढं होत नाही.

कौस्तुभ अंगणात फेऱ्या मारत कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. ताटली बघून त्यानं कानातलं क्षणभर काढलं.

“अरे वा, प्रसाद का काकू? आत्ता नको. मीटिंग चालूय. कट्ट्यावर ठेवा, नंतर घेतो.”

“आत्ता न्हाई उचलत?”

“नंतर, नंतर. नक्की.”

सगुणाबाई ताटली घेऊन परत आल्या. शपथेला ‘नंतर’ म्हणणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून चहा सोडला. मारणाऱ्याकडून त्याची भरपाई झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, असं त्यांनी टाकासमोर हात जोडून सांगितलं.

मग सुरू झालं. बंगल्यांकडं जाणाऱ्या पाण्याचा कॉक त्यांच्या अंगणात होता. बाकीच्यांना सकाळी पाणी धो धो, आणि कौस्तुभच्या टाकीत करंगळीएवढी धार. धुणंभांड्याची बाई सगुणाबाईंच्याच वळणातली. तिला गुडघे दुखायला लागले, पण त्या एकाच घरापुरते. दूधवाल्याला कुणी सांगितलं कोण जाणे, तो त्यांच्याकडं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत पातळ घालू लागला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सगुणाबाईंनी अख्ख्या आळीला हळदीकुंकवाला बोलावलं. मृण्मयी नटून दारात उभी राहिली, आणि तिच्या दारावरून निरोप नुसता पुढं निघून गेला. गावात कौस्तुभचं नाव पडलं, ‘औषधवाला’. किराणा दुकानात तो गेला की कुणीतरी मागून म्हणायचं, “द्या रं, औषधवाल्याला साखर द्या.” तो बिचारा समजायचा, आपण औषध कंपनीत आहोत असा लोकांचा समज झालाय.

एवढ्यानंही सगुणाबाईंचं मन भरेना. ही सगळी माणसांची शिक्षा झाली. पिल्लांच्या जिवाची शिक्षा निराळी हवी. ज्यानं धाडलं त्याच्या दारात परत धाडायचं, ही जुनी रीत. अमावास्येच्या भर दुपारी, आळी निजलेली असताना, त्यांनी ती पोपटाची गोणी काठीनं उचलली. रक्त वाळून ती पापडासारखी कडक झाली होती. घडी घातली, आत लिंबू कापून ठेवलं, कुंकू टाकलं, आणि कुंपणावरून कौस्तुभच्या अंगणात भिरकावली. टॉफी जिथं उन्हाला पडायची, नेमकी तिथं. “तुजं तुला लखलाभ,” एवढंच म्हणाल्या.

आणि वाट बघत बसल्या.

टॉफीला काहीच झालं नाही. तिनं गोणी हुंगली, शेपूट हलवली आणि लोळली. संध्याकाळी कौस्तुभनं नाक दाबून ती गोणी कुंच्याच्या दांडीनं उचलली आणि बाहेर बोळात फेकून दिली. सगुणाबाई कुंपणाच्या फटीतून बघत होत्या.

“बघितलं?” त्यांनी कुशाबांना ऐकवलं. “त्येचं कुत्रं ठनठनीत. का? उतारा हाय त्येच्यापाशी. औषध ज्यानं घातलं, त्येच्यापाशीच उतारा असतुया.”

कुशाबा म्हणाले, “मंग ती गोनी बोळात पडलीया, तिचं काय?”

“पडू द्या. त्यानं टाकलीया, त्याला बघू द्या.”

बोळाच्या पलीकडं गोजराबाई राहायच्या. त्या आणि सगुणाबाई, दोघी ताम्हिणीच्या माहेरवाशिणी, एकाच पावसात भिजून वाढलेल्या, आणि एकाच वर्षी भुकुमात सून म्हणून आलेल्या. गोजराबाईंचा नवरा गेला, मुलगा पिरंगुटला कंपनीजवळ खोली करून राहिला. बाई एकट्या पडल्या, म्हणून ताम्हिणीच्या बहिणीनं एक पांढरं पिल्लू पिशवीत घालून एसटीनं पाठवलं होतं. त्याचं नाव कापूस. ते गोजराबाईंच्या पायाशी झोपायचं आणि त्यांच्या मागं मागं परसात जायचं, सुनेनं जावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईंनी बघितलं, कापूस बोळात त्या गोणीशी झटापट करत होता. दातांत धरून हिसके देत होता. शेवटी पोपटाचा तुकडा तोंडात घेऊन घराकडं पळाला. सगुणाबाईंच्या तोंडून “हाड!” निघालं, पण ते बारीक निघालं. ओवाळून टाकलेल्या उताऱ्यावरून पाय गेला तरी बाधतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. मग त्यांनी मनाला समजावलं. गोणी बोळात कुणी फेकली? कौस्तुभनं. मग पाप कुणाचं?

आठवड्याच्या आत कापूस ओकू लागला. मग रक्त. गोजराबाई आकांत करत आल्या.

“सगुणे, माज्या कापसालाबी घातलं गं! त्या मुडद्यानं माजंबी लेकरू मारलं!”

“मी म्हनलं व्हतं ना,” सगुणाबाई म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांची जीभ जरा अडखळली, पण गोजराबाईंच्या रडण्यात ते कुणाला कळलं नाही.

आता प्रकरण दोघींच्या हातातलं राहिलं नाही. देवळापाशी माणसं जमली. “कुत्र्यांवर हात टाकला, उद्या पोरांवर टाकंल,” असं कुणी म्हणालं. दोघा-तिघा तरण्या गड्यांनी बाह्या वर केल्या आणि कौस्तुभच्या फाटकावर थाप मारली. “या की भाईर, औषधवाले.” आत मृण्मयीची धावपळ उडाली. तिनं टॉफीच्या डॉक्टरला फोन लावला. पोलिसांना लावायचा होता, पण हाताला तोच नंबर आधी सापडला.

डॉक्टर गौतमी तेव्हा जवळच होत्या. भूगावपासून पार ताम्हिणीपर्यंत रक्ताची हगवण लागलेल्या कुत्र्यांचे नमुने गोळा करायचं त्यांचं काम चाललं होतं. त्या आल्या, माणसांच्या घोळक्यातून सरळ गोजराबाईंच्या मांडीवरच्या कापसापाशी जाऊन बसल्या, आणि एका काडीनं त्याच्या घाणीचा नमुना घेऊन बोटाएवढ्या पट्टीवर थेंब टाकले.

“कुणी विष घातलं म्हणालात?”

“यानं,” दहा बोटं फाटकाआड उभ्या कौस्तुभकडं वळली.

थोड्या वेळानं पट्टीवर दोन रेघा उमटल्या. गौतमींनी ती सगळ्यांना दाखवली. “हे विष नाही. हा पार्व्हो. विषाणू आहे, सर्दीच्या विषाणूसारखा, पण आतडी पोखरतो. या भागात मी बघितलेल्या हगवणीच्या कुत्र्यांत जवळजवळ निम्म्यांना हाच निघालाय. लस नसलेली लहान पिल्लं यात पटापट जातात.”

“मंग त्येचं कुत्रं का न्हाई मेलं?” सगुणाबाई गर्दीतून म्हणाल्या.

“टॉफीला? तिला मीच लस दिलीय काकू. सगळी.”

कौस्तुभ पांढराफटक पडला होता. “काकू,” तो म्हणाला, “मी जंताचं औषध म्हणत होतो. जंताचं!”

घोळक्यातला एक गडी हसला, मग दुसरा, आणि फाटकावरची माणसं एकेक करून पांगली. मृण्मयी मात्र हसली नाही. ती सगुणाबाईंकडं अशी बघत राहिली की त्या नजरेची जात सगुणाबाईंना चांगलीच ओळखीची होती.

पण सगुणाबाईंचा प्रश्न सुटला नव्हता. “बाई, मला सांगा, मंग आनला कुनी ह्यो रोग? कुनाच्या घरातनं आला?”

“ते कसं सांगणार? कुणाच्या चपलेला लागून येतो, टायरला लागून येतो. मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो.”

“म्हंजे मारनाऱ्याचं नावच न्हाई?”

“नाही काकू.”

सगुणाबाईंचा चेहरा असा उतरला, जशी काही कुणी त्यांच्या हातातली काठीच काढून घेतली.

“एक करा,” गौतमी म्हणाल्या. “मेलेल्या पिल्लांचं अंथरूण असेल ते जाळून टाका. सगळ्यांत जास्त रोग त्यातच असतो. कुठंय ते?”

“टाकलं,” सगुणाबाई म्हणाल्या.

कापूस त्या संध्याकाळी गेला. आणि दुसऱ्याच दिवशी सगुणाबाईंच्या चुलीजवळची काळी ओकली.

पुढचे दिवस सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरात खुंटीला सलाइनची बाटली लटकत होती. गौतमी सकाळ-संध्याकाळ यायच्या. काळीचा पाय हलू नये म्हणून कुणीतरी तो धरून बसावा लागे. कुशाबांना सुई बघवत नसे. मग ते काम गोजराबाईंनी घेतलं. आपलं घर सुनं पडलेलं, तर निदान इथं बसावं. मांडीवर पिल्लाचा पाय धरून त्या बोलत राहायच्या, “माजा कापूस गेला, पर हिला जगवू सगुणे. तुजी ती माजीच.” सगुणाबाई तव्यावरची भाकरी उलटायला विसरायच्या. सांगू का, असं ओठांपर्यंत यायचं. मग वाटायचं, काळी जगू दे, मग सांगू. टाकासमोर त्या आता कुणाचंच नाव घेईनात. देवाला काय सांगणार, ह्याला विसर म्हणून?

काळी जगली. पहिल्यांदा पेज चाटली, तेव्हा वाघीसुद्धा उंबऱ्यापर्यंत येऊन बघून गेली.

काही आठवड्यांनी गौतमी पुन्हा आल्या. अंगणात सगुणाबाई आणि गोजराबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. गौतमी उत्साहात होत्या. त्यांच्या कामाचा निकाल आला होता.

“या पार्व्होचे प्रकार असतात,” त्या सांगू लागल्या. “टू-ए, टू-बी, टू-सी. एकाच मूळ विषाणूतून फुटलेले.”

“भावकीच की,” गोजराबाई म्हणाल्या. “येका बापाचं, चुली तीन.”

“अगदी तसंच. आधी आपल्याकडं टू-ए जास्त सापडायचा, आता टू-सी सापडतो. ताम्हिणीकडच्या कुत्र्यांतले थोडे निराळे निघाले. पण गंमत म्हणजे, या काळीचा आणि तुमच्या कापसाचा अगदी एक निघाला. विषाणूच्या जनुकांची अक्षरं शेजारी लावून बघतात, तर एक अक्षर इकडचं तिकडं नाही.”

गोजराबाईंचा हात शेंगांत थांबला. “म्हंजे कापसाला ताम्हिनीवरनं न्हाई आला?”

“तसं दिसत नाही. इथंच लागला असणार. अर्थात, कसा लागला हे शपथेवर नाही सांगता येत.”

“शपथ आमी घेतू,” गोजराबाई सावकाश म्हणाल्या. त्या सगुणाबाईंकडं वळल्या. “सगुणे, कापसानं घरात एक चिंधी आनली व्हती. तिच्यावर पोपट व्हता.”

“पेंड आपून दोगीबी येकाच दुकानातनं आनतो,” सगुणाबाई म्हणाल्या. वाक्य तयारच होतं. किती दिवस ते तोंडात धरून ठेवलेलं.

गोजराबाई उठल्या. सगुणाबाईंच्याच देवघरात गेल्या, भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि पुढ्यात ठेवली. “उचल. म्हन, ती गोनी माजी न्हवं.”

गौतमींना काही कळेना. “अहो, हे काय…”

“तुमी बसा बाई. ह्यो आमचा पट्टी-नमुना हाय.”

वाटीतला पिवळाधमक भंडारा. सगुणाबाईंनी हात पुढं केला. बोटं वाटीच्या काठापर्यंत गेली आणि तिथून हलेनात. कौस्तुभचा ‘नंतर’ त्यांच्या कानात वाजला असेल नसेल, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत. हात मागं घेतला.

“माजीच. त्येच्या दारात टाकली व्हती. कापूस वढताना मी बघितला. हटकला न्हाई नीट.”

गोजराबाईंनी वाटी मागं ओढली. वाघी कान खाजवत होती.

“माज्या मांडीवर पाय धरून बसले मी हिचा,” गोजराबाई म्हणाल्या. “आन् तू भाकरी थापत व्हतीस.”

“मार मला चार. गावात सांग.”

“मारून काय करू? तुज्या हाडांवर मास हाय का?” गोजराबाईंचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. त्यांचाही राग ताम्हिणीचाच होता. “डॉक्टरीन, माज्या अंगनात आता दुसरं पिल्लू आनलं तर?”

“एवढ्यात नका आणू. माती दूषित आहे. नवं पिल्लू जगायचं नाही.”

“आन् ज्याला ह्यो रोग यून गेलाय, ते?”

गौतमींनी अंदाज घेत उत्तर दिलं. “त्याला परत होत नाही. ते राहील.”

“ऐकलंस? माजं अंगन तू नासलंस. त्यात जगंल असं ह्या आळीत येकच पिल्लू हाय.” गोजराबाईंनी वाकून काळीला उचललं. “ही माजी. भरपाई.”

सगुणाबाईंनी तोंड उघडलं. वाघीची शेवटची लेक. चुलीजवळ, लुगड्यात, सलाइनच्या थेंबाथेंबानं जगवलेली. दुसरं काहीही माग, असं म्हणायचं होतं त्यांना. पण सूड कसा घ्यायचा हे त्यांना माहीत होतं, आणि चांगला सूड समोर आला की तो ओळखायची रीत त्यांच्यात होती. असाच त्यांनीही मागितला असता.

“लुगडं घिऊन जा,” त्या म्हणाल्या. “तिला त्येच्यावर झोप लागती.”

गोजराबाईंनी लुगडं घेतलं नाही.

कौस्तुभच्या टाकीत पाणी पूर्ण येऊ लागलं. दूध दाट झालं, बाईचे गुडघे बरे झाले. सगुणाबाईंनी एकदा कुंपणावरून वाफाळतं भरीत पुढं केलं. मृण्मयीनं “ठेवा तिथं, नंतर घेते” म्हटलं आणि ते कावळ्यांनी खाल्लं. सगुणाबाईंनी चहा काही पुन्हा धरला नाही. मारणाऱ्याकडून भरपाई झाली होती खरी, पण ती अजून चालूच होती.

कारण गोजराबाईंनी काळीचं नाव ठेवलं, सगुणा.

आणि रोज दिवसभर बोळापलीकडून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक यायची. “ए सगुणे! कुटं तोंड घालतीयास, मेले?” “सगुणे, हाड! घान करून ठिवली सारी!” “खा की गं सगुणे, तुला काय सोन्याचं ताट लागतंय?” येणारे-जाणारे तोंडावर पदर घेऊन हसायचे. भाडेकरूंना हसू आवरायचं नाही. कुशाबांनी एकदा सुचवलं, “आपून येक कोंबडी आनू. गोजरा म्हनू तिला.”

“काय बी बोलू नगा,” सगुणाबाई म्हणाल्या, आणि पितळी घासत राहिल्या. पण त्यांचा कान बोळाकडं असायचा. हाक आली म्हणजे काळी चालती-बोलती आहे. भोक पडेपर्यंत त्या पितळी घासायच्या.

गौतमी बाकीच्या रोगांची लस टोचायला आल्या, तो दिवस. काळी आता वयात आलेली, अंगानं भरलेली. सुई बघताच ती गोजराबाईंच्या हातून निसटली, परसभर पळाली, तुळशीच्या कट्ट्यामागं जाऊन दात दाखवू लागली. गोजराबाईंचा दम निघाला. गौतमींनी हात टेकले. “हिला अजून कुणीतरी ओळखीचं धरायला हवं.”

गोजराबाई कमरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग बोळाकडं तोंड करून ओरडल्या,

“ए सगुणे! ये हिकडं!”

पलीकडच्या अंगणात सगुणाबाईंनी पितळी खाली ठेवली. तुळशीमागं काळीनं कान टवकारले. एक सगुणा उठली, दुसरीही उठली. सगुणाबाई बोळ ओलांडून आत आल्या तर काळी त्यांच्याच पायात येऊन घुटमळली, लहानपणी चुलीजवळ घुटमळायची तशी.

“तुला न्हाई गं,” गोजराबाई म्हणाल्या, “कुत्रीला म्हनलं मी.”

“म्हाईत हाय,” सगुणाबाई म्हणाल्या.

“मंग आलीयास कशाला? आलीयास तर धर आता.” आणि तिकडं न बघताच गोजराबाईंनी काळीची मान धरून त्यांच्या हातात दिली.